अनुमती देणारा म्हातारा : भुजंगनाथापासून मालिकेतील आजोबांपर्यंत

१

मराठी नाट्यसमीक्षेने नायकनायिकांचा, खलपुरुषाचा आणि विनोदी पात्राचा जितका विचार केला आहे, तितका वृद्ध दुय्यम पात्राचा केलेला नाही. असे पात्र कथानकात सर्वत्र वावरते. परंतु कथानक त्याचे नसते. त्याचे लग्न व्हायचे नसते, त्याला काही मिळवायचे नसते, आणि गमावण्यासारखेही त्याच्याजवळ फारसे उरलेले नसते. त्याने यावे, चिडावे, आपले ठरलेले वाक्य उच्चारावे, प्रेक्षकांना हसवावे आणि जावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा इतकी माफक आहे की समीक्षकाची नजर त्याच्यावर ठरत नाही. वस्तुतः एखाद्या समाजात कोणत्या वृद्धाला हसलेले चालते आणि कोणत्या वृद्धासमोर हसू दाबावे लागते, यावरून त्या समाजातील अधिकाराची रचना पुष्कळच स्पष्ट होत असते.

पाश्चात्त्य सुखात्मिकेच्या मीमांसेत या पात्राला निश्चित स्थान आहे. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रोमन सुखात्मिकेपासून चालत आलेल्या कोपिष्ट म्हाताऱ्याचा विचार 'अडथळा आणणारे पात्र' म्हणून केला. तरुणांच्या मीलनाच्या वाटेत तो उभा असतो. त्याचा अडथळा दूर झाला की जुना समाज मागे पडून नवा समाज आकाराला येतो. म्हाताऱ्याचे हसे होणे हा त्या स्थित्यंतराचाच एक भाग असतो. ही मांडणी मराठी सामग्रीला बऱ्याच अंशी लागू पडते, पण पूर्णतः पडत नाही. मराठी परंपरेत अडथळा आणणारा वृद्ध आणि अनुमती देणारा वृद्ध हे दोघे एकमेकांपासून फार दूर राहत नाहीत. त्यांच्यातील अंतर कमी होत जाऊन अखेर ते एकाच देहात कसे वस्तीला आले, याचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. त्या इतिहासाचे अलीकडचे टोक म्हणजे 'झी मराठी' वाहिनीवर जुलै २०१९ ते मार्च २०२१ या काळात प्रसारित झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई' या दैनंदिन मालिकेतील दत्तात्रय कुलकर्णी हे आजोबा होत.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी साहित्याने वृद्ध पुरुषाच्या दोन प्रतिमा निर्माण केल्या. एक हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतील शंकरमामंजींची, आणि दुसरी गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकातील भुजंगनाथाची. १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या हरिभाऊंच्या कादंबरीत शंकरमामंजी हे यमूच्या सासरच्या घरातील सत्तेचे मूर्त रूप आहे. विधवा झालेल्या यमूचे बळाने केशवपन केले जाते, त्या घटनेमागे हीच सत्ता आहे. कादंबरीतील निवेदन यमूचे असल्यामुळे या पुरुषाचा ढोंगीपणा वाचकाला दिसतो; पण त्याला पाहून वाचक हसत नाही. जेथे भय खरे असते तेथे उपहासाला जागा मिळणे कठीण असते.

१८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शारदे'तील भुजंगनाथाची गोष्ट निराळी आहे. त्याच्याजवळ पैसा आहे आणि त्या पैशाच्या बळावर तो एका कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहतो. भद्रेश्वर दीक्षितासारखा मध्यस्थ त्याच्या तारुण्याचे गोडवे गातो आणि म्हातारा ते खरे मानतो. येथील हास्य शिक्षेच्या स्वरूपाचे आहे. बर्गसाँने १९०० साली हास्याविषयी जो सिद्धांत मांडला, त्यानुसार समाज आपल्या ताठर, यांत्रिक झालेल्या घटकाला हसून दुरुस्त करीत असतो. देवलांच्या प्रेक्षकाने भुजंगनाथाला हसणे म्हणजे जरठकुमारी विवाहाच्या रूढीला लोकांसमोर खाली मान घालायला लावणे होते.

तथापि या नाटकातील एका बाबीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. भुजंगनाथाचे लग्न मोडते ते सगोत्रतेच्या मुद्द्यावर. आणि शेवटी शारदा व कोदंड यांच्या विवाहाला मान्यता मिळते ती धर्मगुरूंकडून. म्हणजे देवलांनी वृद्धत्वाचे दोन भाग केले. हास्यास्पद म्हातारा एकीकडे, अनुमती देणारा वडीलधारा दुसरीकडे. एकाला हसून घालवायचे, दुसऱ्यापुढे हात जोडायचे. अनुमती देणाऱ्याला हसण्याची सोय या नाट्यसंहितेत नाही. आणि हास्यास्पद ठरलेल्या म्हाताऱ्याकडे अनुमती देण्याचा अधिकारही नाही. सुधारणेला धर्माचा शिक्का हवा होता आणि तो शिक्का मारणारा हात थट्टेपासून सुरक्षित ठेवणे भाग होते, हे त्या काळाच्या संदर्भात समजण्यासारखे आहे.

३

मध्यमवर्गीय रंगभूमी अशी विभागणी करीत असताना, तिच्या शेजारीच एक वेगळी वृद्ध व्यक्तिरेखा तमाशाच्या फडावर उभी होती. ती म्हणजे गौळणीतील मावशी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची ही म्होरकी. म्हातारी असली तरी जिभेने तिखट. डोक्यावरून पदर घेतलेला पुरुष नट ही भूमिका करतो, आणि आपण पुरुष आहोत हे तो लपवीत नाही. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण मागतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालण्याचे काम तरुण गौळणींचे नसते. ते मावशीचे असते. तू कोण, कुठला, कर घेण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असे प्रश्न ती प्रत्यक्ष देवाला विचारते. प्रेक्षक तिला हसतो, पण त्याच हास्यात ती कृष्णालाही ओढते.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ही परंपरा अपरिचित नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी ती जशी प्रसिद्ध आहे, तशीच तमाशाच्या तंबूंसाठीही. शेजारच्या शहापूर तालुक्यात, कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगावच्या पुढे आटगाव लागते. अशा गावांतील प्रेक्षकाच्या दृष्टीने जत्रेतील फड आणि घरातील दूरदर्शन संच ही दोन स्वतंत्र युगे नाहीत. वर्षातून एकदा मावशी आणि रोज संध्याकाळी आजोबा, असा हा एकाच आयुष्यातील अनुभव असू शकतो. म्हणूनच या दोन विनोदी वृद्धांची तुलना करताना समीक्षक दोन दूरस्थ वस्तू बळेच शेजारी ठेवीत नाही. त्या प्रेक्षकाच्या अनुभवात शेजारीच आहेत.

मावशीजवळ वाणीचे स्वातंत्र्य आहे, सत्ता मात्र नाही. गौळण संपली की ती निघून जाते आणि वगात राजा, प्रधान, कोतवाल यांचे राज्य सुरू होते. बाख्तिनच्या 'कार्निव्हल'च्या कल्पनेने तिच्याकडे पाहणाऱ्यांनी ही मर्यादा विसरता कामा नये. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने उरतेच. ती कोणाला अनुमती देत नाही आणि कोणाची मागतही नाही. अनुमतीचा हक्क सांगणाऱ्याचीच ती उलटतपासणी घेते. वृद्धत्वाच्या विनोदाचा हा सर्वांत मोकळा आविष्कार असून, पुढील मध्यमवर्गीय परंपरेने नेमका तोच सोडून दिला.

४

स्वातंत्र्योत्तर काळात हास्यास्पद वृद्ध आणि अनुमती देणारा वृद्ध यांच्यातील भिंत पातळ होऊ लागली. या दृष्टीने पु. ल. देशपांडे यांचे 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) हे नाटक महत्त्वाचे ठरते. त्यात दोन वृद्ध आहेत. आचार्यांच्या संयमाचा ताठरपणा प्रेक्षकाच्या हास्याचा विषय होतो, तर काकाजी स्वतः हसतात आणि तरुणांना आपल्या मनाप्रमाणे जगण्याची मोकळीक देतात. येथे प्रथमच अनुमती देणारा वडीलधारा विनोदाच्या प्रदेशात आला. मात्र तो विनोदाचा कर्ता आहे, विषय नाही. विषय होण्याचे काम अजून दुसऱ्याच वृद्धाकडे आहे. देवलांची विभागणी पु. लं.नी उलट्या अंगाने कायम ठेवली, असे म्हणता येईल.

दूरचित्रवाणीने हे पात्र घरात आणले. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. परंतु खाजगी मराठी वाहिन्या आल्या त्या शतकाच्या अखेरीस. 'अल्फा टीव्ही मराठी' या वाहिनीवर २००१ पासून प्रसारित झालेल्या, केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी आबांची भूमिका केली. मालिकेला आधार होता त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनाचा. टिपरे कुटुंबातील आबा हे कुटुंबाच्या मध्यभागी असूनही कर्ते नाहीत. घरातील निर्णय मुलगा आणि सून घेतात. आबा ते पाहतात, त्यावर बोलतात, स्वतः फजित होतात आणि पुन्हा उभे राहतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, सदनिकेतील एका कोपऱ्यात स्वतःची जागा शोधणाऱ्या शहरी वृद्धाचे हे सहृदय चित्रण होते. येथे हास्यातील शिक्षेचा अंश पूर्णपणे नाहीसा झाला. त्याबरोबरच वृद्धाची सत्ताही नाहीशी झाली होती. आबांना हसणे निर्धास्त होते, कारण त्यांच्या 'नाही'ने कोणाचे काही अडणार नव्हते.

टिपरे ही साप्ताहिक मालिका होती. दैनंदिन मालिकेचा रूपबंध वेगळा असतो. तिला रोज एक पेच हवा असतो, आणि पेचासाठी घरात कोणाची तरी सत्ता हवी असते. दुबळा वृद्ध तिच्या उपयोगाचा नसतो. त्यामुळे दैनंदिन मालिकांनी कर्ता वडीलधारा पुन्हा आणला; पुष्कळदा तो स्त्रीरूपात आला. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३-२०१६) या मालिकेत रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली भागीरथी ही अशीच घराचा आधारस्तंभ असलेली वृद्धा होती. तिला मान होता, माया होती, शब्दाला वजन होते. मावशीची जीभ मात्र नव्हती. सत्ता मिळालेल्या वृद्ध स्त्रीला विनोदाची मुभा क्वचितच मिळते. ती मुभा पुढे मिळाली ती आजोबांना.

५

'अग्गंबाई सासूबाई'चे कथासूत्र थोडक्यात असे. आसावरी ही प्रौढ विधवा सासरा आणि मुलगा यांच्या सेवेत आयुष्य घालवीत असते. मुलगा सोहम, म्हणजेच 'बबड्या', आईच्या लाडाने बिघडलेला आहे. त्याची पत्नी शुभ्रा घरात येते आणि आपल्या सासूला स्वतःचे आयुष्य असावे, असा आग्रह धरते. अभिजित राजे या बल्लवाचार्याशी आसावरीचा स्नेह जुळतो आणि त्याची परिणती विवाहात होते. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान आणि आशुतोष पत्की यांच्या या प्रमुख भूमिका होत्या. सासऱ्याची, म्हणजे दत्तात्रय कुलकर्णी यांची भूमिका रवी पटवर्धन यांनी केली.

१९३७ साली जन्मलेले आणि ठाण्यात वास्तव्य असलेले पटवर्धन तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. भारदस्त आवाज आणि तशीच देहयष्टी यांमुळे पाटील, न्यायाधीश, पोलीस अधिकारी अशा अधिकारसंपन्न भूमिकांशी त्यांचे नाव जोडले गेले होते. रत्नाकर मतकरी यांच्या 'आरण्यक' नाटकात त्यांनी धृतराष्ट्र उभा केला आणि ऐंशीच्या घरात ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हाही तीच भूमिका केली. त्याच नाटकातील विदुर दिलीप प्रभावळकरांचा होता. मराठी मालिकांतील दोन संस्मरणीय विनोदी वृद्ध एकाच नाटकातील राजा आणि त्याचा विवेक यांच्या भूमिका करणाऱ्या नटांनी साकारावेत, हा निव्वळ योगायोग असला तरी अर्थपूर्ण योगायोग आहे. आबांचा विनोद विदुराच्या जातीचा आहे: सत्तेबाहेर राहून पाहणाऱ्याचा. दत्तात्रयाचा विनोद धृतराष्ट्राच्या सिंहासनावरून येतो. क्षुल्लक घरगुती कारणासाठी राजाचा आवाज लागतो, आणि कारण व आवाज यांतील विसंगतीतून हशा निर्माण होतो.

या पात्राच्या तोंडी असलेले एक संबोधन प्रेक्षकांत फार लोकप्रिय झाले. नातवावर चिडून आजोबा त्याला 'कोंबडीच्या' म्हणतात. मराठी शिवीच्या व्याकरणाकडे पाहिले असता या शब्दाचे रहस्य उलगडते. आई किंवा बाप यांच्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लावून मुलाला संबोधणे हा आपल्या शिव्यांचा जुना साचा आहे. येथे तो साचा जसाच्या तसा ठेवला आहे; फक्त त्यात बसवलेला शब्द निरुपद्रवी आहे. ज्या घरात खरी शिवी उच्चारता येणार नाही अशा घरात शिवीचा आविर्भाव मात्र निर्वेध येऊ शकतो. दत्तात्रयाच्या सत्तेचेही स्वरूप नेमके असेच आहे. शंकरमामंजींच्या सत्तेतील विष काढून घेतले आहे, साचा मात्र शाबूत आहे.

हा साचा विवाहाच्या प्रसंगी कामाला येतो. आसावरीच्या पुनर्विवाहात खरा अडथळा कोणता? तिचे वय, तिचा संकोच, मुलाचा स्वार्थ, लोकांची कुजबुज हे सारे आहेच. परंतु मालिकेच्या भावनिक रचनेत निर्णायक क्षण असतो तो सासऱ्याच्या मतपरिवर्तनाचा. जुन्या वळणाचा हा म्हातारा प्रथम विरोध करतो आणि अखेर सुनेच्या बाजूने उभा राहतो. २०२० च्या प्रारंभी पडद्यावर झालेले ते लग्न प्रेक्षकांनी आनंदाने पाहिले. भुजंगनाथ आणि धर्मगुरू यांच्यातील जे अंतर देवलांनी राखले होते ते येथे संपले. ज्याला हसायचे त्याच्याच हाताने शिक्का मारून घ्यायचा, अशी ही नवी व्यवस्था आहे. आजवर ज्याच्यावर हसलो त्यानेच होकार दिला म्हटल्यावर तो होकार सत्तेचा न वाटता प्रेमाचा वाटतो. हसण्याने येथे अनुमतीच्या प्रश्नाला बगल देण्याचे काम केले आहे.

या ठिकाणी १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्यातील सातवे कलम आठवणे उद्बोधक ठरेल. अल्पवयीन विधवेच्या विवाहाला तिचा बाप, आजा, आई, थोरला भाऊ किंवा नंतरचा पुरुष आप्त यांची संमती त्या कलमाने आवश्यक मानली होती. सज्ञान विधवेच्या बाबतीत मात्र तिची स्वतःची संमती पुरेशी आहे, असे त्यातच म्हटले होते. अनुमती देणाऱ्यांच्या त्या यादीत सासरा मुळी नव्हताच. वासाहतिक कायद्याने ज्याला हा अधिकार दिला नाही, त्याला तो एकविसाव्या शतकातील करमणुकीने बहाल केला. आणि तो गोड लागावा म्हणून त्यावर विनोदाचे वेष्टन घातले.

याउलट असाही युक्तिवाद करता येईल की दैनंदिन मालिका ही सुधारणेचा जाहीरनामा नसते. घरातील वृद्धांसमवेत ती पाहिली जाते, आणि पडद्यावरील वृद्ध बदलला तर समोर बसलेल्या वृद्धालाही बदलण्याची वाट मोकळी होते. या युक्तिवादात तथ्य आहे. चिडका पण अखेर समजूतदार ठरणारा दत्तात्रय कितीतरी घरांत एका अवघड विषयाला तोंड फोडून गेला असेल. कोणाचाही अपमान न करता मतपरिवर्तन शक्य आहे हे दाखवणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मतपरिवर्तनाचा गौरव करताना, ज्या मतावर सारे अडून राहते ते मुळात कोणाचे असते, हा प्रश्न समीक्षेला सोडता येत नाही.

६

हा प्रश्न आटगावसारख्या ठिकाणाहून विचारला तर त्याला आणखी एक बाजू असल्याचे ध्यानात येते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वस्ती प्रामुख्याने कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची. या समाजांपैकी अनेकांत विधवेच्या पुनर्विवाहाची, म्हणजे पाटाची किंवा म्होतुराची, चाल पूर्वापार होती. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कुणबी, आगरी यांच्यासारख्या जातींचे वर्णन करताना ही चाल नोंदलेली आहे. पुनर्विवाहाचे आंदोलन ज्या काळात पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांना हादरवीत होते, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी केलेल्या विवाहाने गावेच्या गावे जेव्हा बहिष्काराची भाषा बोलत होती, तेव्हा या डोंगराळ भागातील कष्टकरी घरांत तो प्रश्न त्या स्वरूपात अस्तित्वातच नव्हता.

पाटाची चाल म्हणजे स्त्रीचे स्वातंत्र्य, असे समीकरण मांडणे अर्थातच चुकीचे होईल. पाटाला पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा नव्हती. तो विधी आटोपशीरपणे उरकला जाई. वरच्या जातींचे अनुकरण करताना काही जातींनी ही चाल कमीपणाची मानून सोडलीही. शिवाय १८५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. आणि ज्या जातींत पुनर्विवाह मुळातच रूढ होता त्यांनाही हे कलम लागू आहे, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीकारला. वरिष्ठ जातींतील विधवांसाठी झालेल्या सुधारणेची किंमत अशा रीतीने खालच्या जातींतील विधवांना मोजावी लागली. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. शेताच्या तुकड्यावर जगणाऱ्या घरात विधवेपुढचा प्रश्न सासरा हसतमुखाने हो म्हणतो की नाही, इतकाच नव्हता. जमीन तिच्या हातात राहते की नाही, हाही होता.

दत्तात्रय कुलकर्णी या नावातच एक सामाजिक पत्ता आहे. त्या पत्त्यावरचा पेच मराठी समाजाचा सार्वत्रिक पेच म्हणून रोज संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्रात पोहोचतो. आटगावच्या प्रेक्षकाला तो कळत नाही, असे नव्हे. त्याला तो चांगलाच कळतो आणि तो त्यात रमतोही. पण रमताना त्याच्या स्वतःच्या सामाजिक इतिहासातील एक अनुभव 'मराठी' या संज्ञेच्या बाहेर ढकलला जातो. जत्रेतील मावशी त्याला आपली वाटते, कारण ती वाट अडवणाऱ्याला जाब विचारते. मालिकेतील आजोबाही आपले वाटू लागतात, ते विनोदामुळे. विनोदाची ही आपलेसे करण्याची शक्ती मोठी आहे. म्हणूनच तिच्याबाबत सावध राहणे आवश्यक आहे.

७

वृद्ध व्यक्तिरेखेचा विचार वृद्ध नटाला वगळून पूर्ण होत नाही. भुजंगनाथ साकारण्यासाठी नटाने म्हातारा असण्याची गरज नव्हती. मावशीसाठी तर स्त्री असण्याचीही नव्हती. 'टिपरे' सुरू झाली तेव्हा प्रभावळकरही आबांपेक्षा वयाने बरेच लहान होते. पटवर्धनांच्या बाबतीत मात्र भूमिका आणि देह यांचे वय एक झाले होते. २०२० मध्ये या एकरूपतेची परीक्षा झाली. साथीमुळे थांबलेल्या चित्रीकरणाला परवानगी देताना राज्य शासनाने मे महिन्यात पासष्ट वर्षांवरील कलावंतांना व तंत्रज्ञांना चित्रीकरणस्थळी येण्यास मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण त्या अटीने मालिकांतील साऱ्या आजीआजोबांचा रोजगार एका फटक्यात थांबवला. मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी ही अट भेदभावकारक ठरवून रद्द केली. जो वृद्ध पडद्यावर इतरांना अनुमती देत होता, त्यालाच काम करण्याची अनुमती न्यायालयातून मिळवावी लागली. वृद्धाकडे अधिकार असतो ही मालिकेतील कल्पना आणि वृद्धाला घरात बसवले जाते हे बाहेरचे वास्तव, यांतील तफावत याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये रवी पटवर्धन यांचे निधन झाले. दत्तात्रय कुलकर्णी मात्र राहिले. २०२१ मध्ये आलेल्या 'अग्गंबाई सूनबाई' या पुढच्या मालिकेत ती भूमिका मोहन जोशी यांनी केली. शुभ्रा आणि सोहम यांच्या भूमिकांतील कलावंतही त्या मालिकेत बदलले होते. म्हणून हा बदल एकट्या वृद्धापुरता नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तथापि ब्रिटनमधील 'कॉरोनेशन स्ट्रीट' या १९६० पासून चालू असलेल्या मालिकेशी तुलना केली तर एक भेद नजरेत भरतो. तेथे अल्बर्ट टॅटलॉक या तक्रारखोर म्हाताऱ्याची भूमिका जॅक हॉवर्थ यांनी पहिल्या वर्षापासून केली. १९८४ मध्ये हॉवर्थ वारले आणि त्यांच्याबरोबर टॅटलॉकही कथानकातून मरण पावला. तेथील विनोदी म्हातारा ही एक व्यक्ती होती, आणि तिच्या जागी दुसरी व्यक्ती येऊ शकत नव्हती. मराठी मालिकेतील आजोबा हे पद आहे. पदावरची व्यक्ती बदलते. पद रिकामे ठेवता येत नाही, कारण घरात अनुमती देणारा कोणीतरी लागतोच.

शंकरमामंजींपासून दत्तात्रयापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत मराठी साहित्याने आणि दृश्य माध्यमांनी वृद्ध सत्ताधाऱ्याचे भय पुष्कळच कमी केले, ही या परंपरेची जमेची बाजू आहे. त्याला हसता येऊ लागले. हसता हसता त्याच्याशी बोलता येऊ लागले. परंतु त्याच्या होकाराची आवश्यकता मात्र या हास्याने संपवली नाही. उलट ती सुसह्य केली, आणि जे सुसह्य होते ते दीर्घकाळ टिकते. ज्या दिवशी एखाद्या मालिकेतील आसावरी लग्नाची तारीख स्वतः ठरवील आणि आजोबांना ती फक्त कळवील, त्या दिवशी आजोबांचा विनोद खऱ्या अर्थाने मोकळा होईल. तोवर म्हशाच्या जत्रेतील मावशीचा प्रश्न अनुत्तरितच राहणार आहे: वाट अडवण्याचा अधिकार तुला दिला कोणी?